तंतूतली तारीख

धामोडीच्या गावंड्यांच्या घराण्यात सांगण्याजोगी पहिली बाई म्हणजे चंद्रभागाबाई. दुष्काळाच्या साली तिने पोरांना आंबाडीचा पाला शिजवून घातला, पण पेरणीसाठी राखलेल्या सरकीला हात लावू दिला नाही. तिची सून सरजाबाई. नवरा अकाली गेल्यावर ती स्वतः गाडीवर बसून मूर्तिजापूरच्या बाजारात कापूस नेई आणि काट्यावर अंगठा ठेवणाऱ्या मापाड्याकडे नुसती बघे. अंगठा आपोआप उचलला जाई. सरजाबाईची सून मथुराबाई. तिने चाळीस एकर शेती ओसरीवर बसून, केवळ आवाजाच्या जोरावर चालवली. आणि मथुराबाईची धाकटी सून द्वारका.

द्वारकाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या तेव्हा एकत्र शेतीच्या वाटण्या होऊन कैक वर्षे लोटली होती; पण गावंड्यांच्या बाईचा शब्द म्हणजे शब्द, ही रीत उरली होती. त्या शब्दावरच धामोडीच्या अकरा बायकांचा गट उभा होता.

हा गट नवजात बाळांच्या दुपट्यांसाठी आणि जखमेवर बांधायच्या पट्ट्यांसाठी कापूस पिकवी. तो घेणाऱ्या सूतकारखान्याची अट एकच, पण कडक होती. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, बोंड धरल्यानंतर वावरात तणनाशक पडता कामा नये.

अट नीट समजायला थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते. पूर्वी तणनाशक मारले की तणाबरोबर पऱ्हाटीही करपे. मग तणनाशक पचवणारे बियाणे आले. वरून औषध फवारले की तण मरते आणि पऱ्हाटी जिवंत राहते. बायाबापड्यांची पाठ निंदणापासून सुटली, हे कोणी नाकारू नये. पण पचवले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. पीक गुडघ्याएवढे असताना मारलेले औषध वाढत्या झाडात विरून जाते, म्हणून गटात तेवढी मुभा होती. बोंडे धरल्यावर मात्र झाड आपली सगळी साखर बोंडांकडे धाडते आणि पानांवर पडलेले औषध त्याच साखरेच्या वाटेने बोंडात उतरते. झाड मरत नाही, म्हणून कोणाला दिसत नाही. आई जशी आजार अंगावर काढते आणि दुधातून लेकराला पाजते, तसे ते.

पूर्वी हे कोणाला सिद्ध करता येत नसे. चार वर्षांपूर्वी ते यंत्र आले.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच एक लांब पेशी. आधी ती पोकळ नळीसारखी लांबत जाते; मग तिच्या आत रोज एक थर चढतो. दिवसाच्या उन्हात थर दाट बसतो, रात्रीच्या गारव्यात विरळ. झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलये असतात, तशी कापसाच्या तंतूत दिवसांची असतात. ज्या दिवशी औषध उतरले, त्या दिवसाच्या वलयात ते कायमचे चिणले जाते. यंत्र तंतूवर प्रकाश टाकून वलये मोजते आणि तारीख सांगते. कारखान्याने त्याला एक लांबलचक नाव दिले होते. गटातल्या बायका त्याला ‘पंचांग’ म्हणत.

वऱ्हाडात पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचे, दहीभात शिंपडायचा, कापसाचा धागा पऱ्हाटीला बांधायचा आणि मगच वेचायला हात लावायचा. धामोडीच्या गटाने या रीतीत स्वतःची भर घातली होती. द्वारकाबाईंच्या वावरात अकराही जणी जमत. प्रत्येकीने आपापल्या वावरातल्या पहिल्या कापसाची ओटी आणलेली असे. प्रत्येकीने शपथ घेऊन ती एका पांढऱ्या धोतरावर ओतायची. मग द्वारकाबाई सगळा कापूस हातांनी एक करत आणि अकराजणींचे पहिले बोरे भरले की त्यातली एकेक मूठ त्यांच्या तोंडाशी घालत. कोणाच्या वावरात कमी पिकले, कोणाच्या जास्त, तरी पहिला बोरा सगळ्यांचा मिळून, असा त्याचा अर्थ.

त्या वर्षीही तसेच झाले.

“पोटाशी बोंड आल्यावर माह्या पऱ्हाटीले औषध पाजलं नाई,” प्रत्येकजण म्हणत गेली. कुसुम बोबडेची पाळी आली तेव्हा ती थांबली.

“काय झालं व?” द्वारकाबाईंनी विचारले.

“काही नाई. नवऱ्यानं पाजलं असन तं माह्यावर येते का, याचा विचार करून रायली.”

“तुह्या नवऱ्याले घरचा नळ सोडता येत नाई, तो पंप काय चालवीन?”

बायका हसल्या. कुसुमने शपथ घेतली. सर्वांत शेवटी रेवताबाई पुढे आल्या. त्या द्वारकाबाईंच्या थोरल्या जाऊ. सहा वर्षांनी मोठ्या, दोघीही आता विधवा. त्यांची चूल फार वर्षांपूर्वी वेगळी झाली होती. नाल्याकाठचे चार एकर त्या एकट्या कसत. त्यांनी पदर पुढे ओढला, सगळ्यांसारखीच शपथ घेतली आणि ओटी धोतरावर रिती केली. द्वारकाबाईंनी तो कापूस इतर दहा जणींच्या कापसात कालवला, अगदी मन लावून.

आठ दिवसांनी खरेदी केंद्रावरून निरोप आला. एकट्याच या.

केंद्रावरची मेश्राम मॅडम नागपूरची, तिशीची, बोलायला मोजकी. तिने खुर्ची दिली आणि पडदा वळवला. पडद्यावर एका तंतूचा आडवा छेद मोठा करून दाखवला होता. कांद्याच्या चकतीसारखी वलये, आणि त्यांतले एक वलय तांबडे.

“काकू, तुमच्या गटाचे अकराही बोरे नापास झालेत.”

“अकराही?”

“अकराही. आणि मला एक कोडं सुटत नाही. नमुना आम्ही बोऱ्याच्या वरच्या थरातून काढतो; प्रत्येक नमुन्यात औषध आहे आणि प्रमाण सगळीकडे एकच. अकरा तंतूंमागे एक. बाकीचे दहा स्वच्छ. अकरा जणींनी चोरून फवारलं असतं तर असं इतकं सारखं आलं नसतं.”

द्वारकाबाईंनी आपल्या तळहातांकडे पाहिले. मॅडमला जे कोडे वाटत होते, ते त्यांच्या स्वतःच्या दहा बोटांनी घातलेले होते. एका ओटीतले विष त्यांनी अकरा बोऱ्यांत सारखे वाटले होते, आणि वर प्रसाद म्हणून.

“एकीनंच केलं,” त्या म्हणाल्या आणि सीतादह्याची रीत त्यांनी सांगितली.

मॅडमने कपाळाला हात लावला. “हे करारात कुठंच लिहिलेलं नाही.”

“देवाचं कोणी करारात लिहिते का?”

“वाऱ्याने उडून आलेलं म्हणावं, तर प्रमाण तसं नाही. झाडांवर सरळ फवारलंय. उद्या मी येऊन प्रत्येक वावरातला तंतू तपासू शकते, पाच मिनिटांत कळेल. पण मी पकडलं तर नियमाने सगळा गट पाच हंगाम बाहेर. गटाने आपणहून वावर सांगितलं तर बंदी फक्त त्या वावरावर. ते विकलं, दिलं, तरी बंदी जमिनीच्या गट नंबराबरोबर जाते. बाकी दहा जणींचा नवा माल मी घेईन. शनिवारपर्यंत सांगा.”

“तारीख काय सांगते तुमचं पंचांग?”

“अकरा ऑक्टोबर. फार तर एखादा दिवस मागेपुढे.”

द्वारकाबाईंना मागचा-पुढचा दिवस धरण्याची गरज पडली नाही. अकरा ऑक्टोबरला त्यांच्या यजमानांचे, नामदेवरावांचे वर्षश्राद्ध होते. गटातल्या नऊ जणी सकाळपासून त्यांच्या घरी राबत होत्या. कोणी वडे तळत होती, कोणी पत्रावळी मांडत होती. कुसुमचा नवरासुद्धा वाढायला होता. आल्या नव्हत्या त्या एकट्या रेवताबाई. ताप आहे, असा निरोप होता. द्वारकाबाईंनी स्वतः ताट वाढून, वर झाकण घालून त्यांच्याकडे पाठवले होते. खिरीची वाटी सांडू नये म्हणून भातात रोवून ठेवली होती.

बसमधून उतरल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. टळटळीत दुपार होती. नाल्याकाठच्या वावराच्या धुऱ्यावर उभ्या राहून त्यांनी वाकून पाहिले. पऱ्हाटी हिरवीगार होती, बोंडे फुटत होती. पण बुडाशी कुंदा वाळून तणसासारखा पडला होता.

कुंदा म्हणजे काळ्या रानाचा शाप. त्याच्या मुळ्या पुरुषभर खोल जातात. नांगराने एक तोडली की तिच्या चार होतात. हिरवा असताना जाळा, उपटा, तो हसतो. त्याला मारायला वर्षात एकच वेळ मिळते. पावसाळा सरला की तो हिवाळ्याची बेगमी म्हणून पानांतली साखर खाली मुळांत साठवू लागतो. त्या पंधरवड्यात औषध मारले तर तो ते स्वतःच मुळापर्यंत ओढून नेतो. आणि नेमका तोच पंधरवडा पऱ्हाटीला बोंडे भरण्याचा. दोन्ही झाडे आपापली पुंजी एकाच वेळी साठवतात. कुंद्याचा मरण्याचा मुहूर्त साधायचा तर कापसाचा सोवळेपणा सोडावा लागतो. हे रेवताबाईंना कुठल्या मॅडमने शिकवले नव्हते. तो कुंदा त्यांनी छत्तीस वर्षे उपटला होता.

रेवताबाई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होत्या. द्वारकाबाईंना पाहून त्यांनी पाट सरकवला. द्वारकाबाई बसल्या नाहीत.

“बाई, अकरा तारखेले तुमाले ताप होता.”

“होता.”

“तापात पाठीवर पंप घेतला?”

सुपाचा आवाज थांबला नाही. “ड्रोन बलावला असता तं गावानं आयकला असता. पंपच बरा.”

त्या नाकारतील, चिडतील, रडतील, अशा सगळ्या तयारीने द्वारकाबाई आल्या होत्या. या उत्तराची तयारी नव्हती.

“माह्या मालकाचं श्राद्ध होतं. तुमच्या दिराचं. मी तुमाले ताट धाडलं.”

“आलं ना. खीर गोड होती. जेवली अन् पंप भरला. सारं गाव तुह्या घरी होतं, असा दिवस पुन्हा कधी भेटला असता?”

“अन् मंग धोतरावर कापूस टाकून शपथ घेतली. माह्या डोळ्यांत पाहून. दहा घरं बुडाली असती, बाई. मी तुमच्या शब्दावर माहा शब्द ठेवला.” त्यांचा आवाज चढला नाही, गावंड्यांच्या बायकांचा चढत नाही, तो खाली उतरतो. “खोटं बोलाले तुमाले माहंच घर भेटलं?”

रेवताबाईंनी सूप खाली ठेवले.

“त्या घरासाठी मी पहिल्यांदा खोटं नाई बोलली, द्वारका.”

अंगणातली कोंबडी ज्वारीच्या दाण्यांकडे आली. दोघींपैकी कोणीच तिला हाकलले नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी, द्वारका बावीस वर्षांची आणि तिचा प्रफुल्ल तीन महिन्यांचा असताना, गावंड्यांच्या घरात कापसाची खोली छताला टेकेपर्यंत भरली होती. वीज गेलेली. डास लेकराला फोडून काढत होते. द्वारकाने डासांची वडी पेटवून त्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवली आणि लेकराला पाजता पाजता तिचा डोळा लागला. वर्षाचा कापूस तासाभरात राख झाला. पहाटे मथुराबाईंनी ओसरीवरून विचारले, कोणी केले? ज्या सुनेने केले ती त्याच दिवशी माहेरी जाईल, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होते. आणि तान्ह्या लेकराचे काय, हेही. द्वारकाचे ओठ हलायच्या आत रेवताबाई म्हणाल्या होत्या, माझ्या हातून झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. थोरली सून म्हणून त्यांना माहेरी धाडले नाही; वेगळी चूल दिली आणि वाटणीत नाल्याकाठचे ते वावर दिले, जे घरात कोणीच घेत नव्हते. कुंद्याचे वावर.

“मी तुले म्हटलं होतं, बोलू नको,” रेवताबाई म्हणाल्या. “सासू होती तवरक नको, असा त्याचा अर्थ होता. सासूले मरून सव्वीस वर्षं झाली. तू गटाची बाई झाली. दर साली मले शपथ घ्याले लावली, औषध पाजणार नाई म्हणून. तुह्या वावरात कुंदा नाई, तुले शपथ सोपी. मले वाटे, एक दिवस तू म्हणशीन, बाई, हे वावर तुमच्याकडं कायनं आलं ते मले ठाऊक हाये. नाई म्हटलं. मी चौसष्ट वर्षांची झाली, माही कंबर वाकत नाई आता. कुंदा उपटाले वाकावं लागते.”

द्वारकाबाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. आपल्याला फसवले गेले, हे घेऊन त्या दारात आल्या होत्या. ते खरेच होते आणि आताही तेवढेच खरे होते; फक्त त्याच्या शेजारी दुसरे एक येऊन बसले होते, वयाने मोठे.

“मले विचारलं असतं तं...” त्या म्हणाल्या.

“तुले कायले विचारू? मले कोणी विचारलं होतं?”

घरी येऊन त्यांनी प्रफुल्लला फोन लावला. तो नागपूरला नोकरीला होता आणि वर्षातून एकदा वावर पाहायला येई, बहुधा छायाचित्रांपुरता. विहिरीजवळचे चार एकर मी थोरल्या आईला देते आणि नाल्याकाठचे घेते, असे त्यांनी सांगितले.

“आई, डोकं ठिकाणावर आहे का? त्या वावरावर बंदी येणार, तू स्वतःच म्हणतेस. त्यांनी तुला फसवलं आणि वर तूच विहिरीचं वावर देतेस?”

“हो, फसवलं.”

“मग?”

“मंग काही नाई. तू तीन महिन्यांचा होता तवाचं आहे हे. तुह्यापायीच झालं, पण तुह्यावर नाई, माह्यावर आहे.” आणि त्यांनी त्याला सगळे सांगितले.  त्याने विचारले, “बाबांना माहीत होतं?”

“नाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. स्वतःच्या नवऱ्याबरोबर त्यांनी पस्तीस वर्षे संसार केला होता. हे एवढे त्यांनी त्यांनाही सांगितले नव्हते, हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आता आले.

शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात गट जमला. बातमी फुटलेली होती; बायका दबक्या आवाजात एकमेकींच्या वावरांची नावे घेत होत्या. रेवताबाई भिंतीशी बसल्या होत्या, ताठ.

“ऑक्टोबरात औषध पडलं ते वावर नाल्याकाठचं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “गट नंबर एकशे सत्तेचाळीस. मी मॅडमले तसा अर्ज दिला. बाकी दहा वावरांचा माल सोमवारी जाईन. अन् सीतादह्याची मूठ यापुढं बोऱ्यात जाणार नाई. धुऱ्यावरच राहीन. ते माहं चुकलं.”

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. कुसुम बोबडे उठली. “बाई, आमच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास तुमी...”

“खाली बस, कुसुम. माहं संपलं नाई.” कुसुम बसली. “औषध बाईनं पाजलं. शपथ खोटी घेतली. मी त्याची सफाई देत नाई, देणार नाई. पण ते कुंद्याचं वावर तिच्या वाट्याले आलं, कारण गावंड्याची कापसाची खोली तिनं जाळली, असं हे गाव छत्तीस वर्षं बोलते. खोली मी जाळली. लेकरासाठी कापसाच्या उंबऱ्याशी डासांची वडी लावली अन् झोपली. माहं पाप बाईनं आपल्या नावावर घेतलं अन् मी घेऊ दिलं. सासू मेल्यावरही घेऊ दिलं. आजपासून एकशे सत्तेचाळीस माहं. त्याच्यावरची पाच सालाची बंदी माही. विहिरीजवळचं वावर बाईचं.”

 म्हातारी शेवंता तायडे, जी त्या आगीच्या वेळी पाणी घेऊन धावली होती, ती रेवताबाईंकडे टक लावून पाहत राहिली आणि मग तिने मान खाली घातली. गावात सर्वांत जास्त वेळा तीच ती गोष्ट सांगे.

बाहेर पडताना रेवताबाई दारात द्वारकाबाईंच्या शेजारी आल्या.

“एवढं सगळ्यांपुढं कायले?”

“तुमी सगळ्यांपुढं घेतलं होतं.”

“चहा ठेवतो. ये.”

“नाई बाई. तुमच्या घरचं आता माह्या घशाखाली जाईन असं वाटत नाई.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता; माप होते. “तुमचं देणं मी फेडीन, पुरतं फेडीन. पण ताटातली खीर खाऊन तुमी पंप भरला. ते माह्या मनातून जात नाई. घालवावं असंही वाटत नाई.”

रेवताबाईंनी मान हलवली. पटले म्हणून, की ऐकले म्हणून, ते सांगता आले नसते.

पंधरा दिवसांनी दोघी मूर्तिजापूरच्या निबंधक कार्यालयात एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या होत्या. दस्तलेखक जाड चष्म्याचा, सतत घाईत असलेला माणूस होता. त्याने दोन्ही उतारे समोर धरले, वरून खाली वाचले, पुन्हा वाचले.

“आजीबाई, हा अदलाबदलीचा दस्त. विहिरीचं बागायती वावर तुम्ही देता, आणि नाल्याकाठचं, बंदी असलेलं, घेता. किमतीत एवढा फरक आहे, तर वरचा मोबदला काय ठरला तुमचा? तो लिहावा लागतो.”

“ते मी सांगणार नाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ज्यांचं येणं होतं त्यांना विचारा.”

दस्तलेखकाने चष्म्यावरून रेवताबाईंकडे पाहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कुंद्याच्या पात्यांनी वर्षानुवर्षे चिरलेल्या बोटांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिले, मग दाराकडे. द्वारकाबाईंकडे पाहिले नाही.

“लवकर सांगा, आजी. मागे रांग आहे.”

“पोचला,” रेवताबाई म्हणाल्या. “पुरा पोचला. लिहा तसं.”

त्याने लिहिले, आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले: मोबदला पूर्णपणे पोचला असून आता काहीएक येणे बाकी राहिलेले नाही. मग त्याने शाईचा डबा आधी थोरल्या जावेपुढे सरकवला.